समुद्र चार महिने बंद, स्पर्धा पावसानंतर लगेच: पहिल्या हाफ आयर्नमॅनची तयारी कशी करू?

पत्र

ताई, मी मालवणजवळ राहते. वय ४४, शाळेत शिक्षिका आहे. पोहायला लहानपणी विहिरीत शिकले, सायकल दोन वर्षांपासून चालवते, साधी हायब्रिड आहे. गेल्या डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत एक किलोमीटर २८ मिनिटांत पूर्ण केलं. यंदा गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला (पोहणं, सायकल आणि धावणं एकामागून एक) नाव द्यायचं मनात आहे, पण तीन गोष्टींनी झोप उडाली आहे. चिवल्याला सुरुवातीलाच कुणाचा तरी पाय तोंडावर बसला, श्वास अडकला आणि आता ते आठवलं तरी छातीत धडधडतं. दुसरं, ठरलेल्या वेळेत झालं नाही आणि मला रस्त्यातच थांबवलं तर? तिसरं घर. सासूबाई म्हणतात, "आता ह्यां काय नवीन काढलंस?" नवरा "कर की" म्हणतो, पण रविवारचं माशाचं जेवण माझ्यावाचून अडतंच. म्हणून पहाटे चारला उठते, सगळं उरकते आणि दुपारी वर्गात पेंगते. इंटरनेटवरून वीस आठवड्यांचा एक आराखडा उतरवून घेतला आहे. आणखी एक विचारायचं होतं, नवीन रेसिंग सायकल घ्यावी का?

उत्तर

ताई, नाव द्या. आणि तो वीस आठवड्यांचा आराखडा बाजूला ठेवा.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण ही भीती कागदावर मांडली की बरीचशी ओसरते. हाफ आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. सर्वसाधारणपणे पोहण्याला १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास आणि सगळं मिळून साडेआठ तास दिले जातात. (तुमच्या वर्षीच्या माहितीपत्रकात आकडे नीट पाहून घ्या, त्यात फेरफार होऊ शकतो.) चिवल्याच्या वेगाने तुमचे १.९ किलोमीटर ५३-५४ मिनिटांत होतात. ५५ धरा. पाण्याबाहेर येऊन, कपडे-बूट बदलून सायकलवर बसायला दहा मिनिटं. ताशी २२ किलोमीटरने ९० किलोमीटरला ४ तास ५ मिनिटं लागतात. म्हणजे सायकल ठेवाल तेव्हा ५ तास १० मिनिटं झालेली असतील. बूट बदलायला पाच मिनिटं दिली तरी धावायला सव्वातीन तास उरतात, म्हणजे किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं. थोडं धावणं, थोडं झपझप चालणं, एवढ्यात हे बसतं. या सगळ्यात सायकलच्या मुदतीपर्यंत हाताशी राहतात वीस मिनिटं. एक पंक्चर त्यात मावलं पाहिजे, आणि बाहेरच्या कुणाची मदत घ्यायला नियमाने बंदी आहे. म्हणून ट्यूब स्वतः बदलायला आजच शिका. मागच्या चाकाची, हात घामाने निसरडे असताना, दहा मिनिटांत. हे जमलं की दुसरी भीती पुष्कळशी मिटली.

आता आराखडा बाजूला का ठेवायचा ते सांगते. असले आराखडे बहुधा थंड देशांतल्या माणसांसाठी लिहिलेले असतात. त्यांचा हिवाळा पोहण्याच्या तलावात जातो आणि उन्हाळ्यात पाणी उघडतं. आपलं उलटं. गोव्याची ही स्पर्धा २०१९ पासून साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. त्याच्या मागचे वीस आठवडे मोजा, तुम्ही बरोबर जूनमध्ये येऊन पडता. त्या आराखड्यात "खुल्या पाण्यात सराव" असं ज्या आठवड्यात लिहिलं असेल, त्या आठवड्यात चिवल्याला लाटा बांधावर आदळत असतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं बोटी वर ओढून ठेवतात, तिथे आपण पोहायला उतरणं हा वेडेपणा आहे. तेव्हा तुमची तयारी आत्ता, फेब्रुवारीपासून सुरू होते, आणि ती पंचांग, पाऊस आणि गणपती बघून बांधायची आहे.

फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंतचे दिवस समुद्राचे. यात धावणं-सायकल कमी झालं तरी चालेल, समुद्र चुकवू नका. वेळ कशी निवडायची? तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा साधारण तास, हे तुमच्याकडच्या कुठल्याही जुन्या मच्छीमाराला ठाऊक असतं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण. नवमीला पावणेसात. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असते. सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढत असल्यामुळे भरती-ओहोटीतला फरक कमी राहतो आणि पाण्याला ओढही कमी असते. शाळेच्या आधी पोहून घरी यायला याहून चांगली सकाळ नाही, आणि ती महिन्यातून दोनदा येते, शुद्धात एकदा आणि वद्यात एकदा. सप्तमी ते दशमी हे तुमचे समुद्राचे दिवस ठरवून टाका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं. त्या दिवसांत धावा, सायकल चालवा. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, म्हणून भरतीचं कोष्टक फोनवर पाहून खात्री करून घ्यायचीच.

एकटीने मात्र कधीही उतरायचं नाही. किती सराव झाला तरी नाही. सोबत पोहणारं कुणी नसेल तर किनाऱ्यावर डोळे लावून बसणारं माणूस हवं, नाहीतर ओळखीच्या होडीवाल्याला थोडे पैसे देऊन बाजूने चालायला सांगा. भडक रंगाची टोपी घाला आणि कमरेला नारिंगी फुगा बांधा, कारण मालवण-तारकर्लीच्या पाण्यात आता पर्यटकांच्या इंजिनबोटी खूप आहेत आणि चालवणाऱ्याला पाण्यातलं डोकं दिसत नाही. उतरण्याआधी किनाऱ्यावर विचारा, आज रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली आहे का? लागली असेल तर त्या बाजूला जायचं नाही. जाळ्यात पाय अडकण्याचा धोका तर आहेच, वर दहा-पंधरा घरांच्या दिवसभराच्या कमाईत आपण व्यत्यय आणतो. उथळ पाण्यात पाऊल उचलून न टाकता वाळूवरून घसटत चाला, म्हणजे वाळूत पडलेलं पाकट आधीच सरकून जातं. कधी पाण्याने बाहेर ओढलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून हाक मारा, आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा.

आता त्या पायाच्या फटक्याबद्दल. तुम्ही घाबरट नाही. तोंडावर अनपेक्षित फटका बसला की कुणीही श्वास रोखून धरतं. आत कोंडलेली हवा बाहेर पडत नाही, नवी आत येत नाही, आणि "दम संपला" असं वाटतं. यावर हिंमत वाढवून उपयोग नाही, श्वास सोडायची सवय लावावी लागते. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहायचे, धरून ठेवायचे नाहीत. मग दोन मैत्रिणींना बोलवा आणि तिघी अंगाला अंग लावून पोहा. एकीने तुमचा पाय ओढावा, दुसरीने मुद्दाम आडवं यावं, गॉगलमध्ये पाणी भरू द्यावं. दर वेळी तुम्ही पाठीवर उलटायचं, दहा श्वास मोजायचे आणि पुन्हा पोहायला लागायचं. मे महिन्यापर्यंत हे इतकं करा की गॉगलमध्ये पाणी शिरणं ही तुम्हाला रोजची गोष्ट वाटेल. स्पर्धेचे नियमही तुमच्या बाजूने आहेत. कोणत्याही पद्धतीने पोहता येतं, बेडकासारखं सुद्धा. दमलात तर बचावाच्या कयाकला धरून विसावा घेता येतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. आणि अशा बहुतेक स्पर्धांत आता सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, आपापल्या वेगाच्या रांगेत उभं राहून थोडे थोडे सोडतात. तुम्ही मागच्या रांगेत, अगदी कडेला उभ्या राहा. एखादं मिनिट जाईल, ते हिशेबात आहे.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी जाताना ऊन पाठीवर असतं आणि परतताना थेट डोळ्यांत. गडद काचेचा गॉगल घ्या, आणि उतरण्याआधी मागे वळून किनाऱ्यावरची उंच खूण हेरून ठेवा, एखादी इमारत किंवा माडांतला मोकळा पट्टा. दर आठ-दहा हातांनी डोळे वर करून ती खूण बघायची. वेटसूटवर (पोहताना घालायच्या रबरी पोशाखावर) पैसे घालवू नका. पाणी २८.८ अंशांच्या वर गेलं की आयर्नमॅनच्या स्पर्धांत तो चालतच नाही, आणि आपलं पाणी ऑक्टोबरात त्याच्या आसपासच असतं. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावा, नाहीतर खाऱ्या पाण्याने तिथली कातडी सोलवटते.

नोंदणीआधी डॉक्टरांकडे जा, आणि हे टाळू नका. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे अशा तिहेरी स्पर्धांत, जे मृत्यू झाले आहेत त्यातले बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, आणि त्यामागे पुष्कळदा आधी न कळलेला हृदयाचा दोष असतो. चाळिशीनंतर ईसीजी, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन एवढं बघून घ्यायचंच. या वयात पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर सरावातला थकवा मुळात लोहाच्या कमतरतेचा असू शकतो. वर्गात पेंगण्याचं कारण नुसतं पहाटेचं उठणं आहे की हेही आहे, ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

पावसाळ्यात काय? विहीर! कोकणात पावसाळ्यात विहिरी काठोकाठ येतात आणि तुम्ही तर विहिरीतच शिकलात. कमरेला रुंद पट्टा बांधा, त्याला लांब रबरी नळी, तिचं दुसरं टोक पायरीच्या कड्याला. मग जागच्या जागी वीस, तीस, चाळीस मिनिटं पोहता येतं. काठावर माणूस हवंच. महिन्यातून दोनदा जवळच्या शहरातला तरणतलाव गाठता आला तर तिथे अंतर मोजून पोहा. नदीच्या पाण्यात मात्र नको. पुराच्या पाण्यात ओंडके येतात आणि आपल्याकडच्या काही नद्यांत मगरीही आहेत.

सायकल जून-जुलैत घरातल्या पडवीत, ट्रेनरवर (चाक जागच्या जागी फिरू देणाऱ्या स्टँडवर). लाल मातीचा चिखल, ओला पाला आणि खड्डे यांतून पडून हाड मोडलं तर वर्ष जातं. धावायला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उत्तम, पावसातही. जांभ्यावर शेवाळ धरलं असेल तिथे रस्त्याने धावा. पायाला चिरा किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून, शेताच्या बांधावरून धावू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. घरी येऊन पाय साबणाने धुवा, आणि त्या दिवसांत ताप आला तर दुसऱ्या दिवशीची वाट न बघता दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना चिखलातून धावल्याचं सांगा.

मग येतात गणपती. कोकणातल्या बाईला कुणी सांगू नये की त्या आठवड्यात शंभर किलोमीटर सायकल चालव. घर भरलेलं असतं, मुंबईकर आलेले असतात, झोप तुटलेली असते. तो आठवडा विश्रांतीचा म्हणून आधीच लिहून ठेवा. दोन-तीन वेळा अर्धा तास धावणं, बस्स. अपराधी वाटून घेऊ नका. शरीराला अधूनमधून हलका आठवडा लागतोच, तुमचा तो बाप्पाच्या दिवसांत येतोय.

गणपतीनंतरचे आठवडे महत्त्वाचे. नारळ सोडला म्हणजे समुद्र लगेच शांत होतो असं नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मच्छीमारांना विचारून, पुन्हा अष्टमीची सकाळ धरून पाण्यात उतरा. रविवारची सायकल साठपासून वाढवत ऐंशी-नव्वदपर्यंत न्या. मालवण, आचरा, कुणकेश्वर हा रस्ता त्यासाठी फार चांगला आहे. खाडी आली की उतार आणि पूल ओलांडला की चढ, पायांना सतत बदल मिळतो. चढावर हलका गिअर टाका, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतक्याच जोराने. स्पर्धेतही हेच. सायकलवर पहिल्या तासात अंगात जोर वाटतो आणि माणसं तो उधळतात, मग धावताना पाय शिशाचे होतात. सायकल संपली की लगेच वीस मिनिटं धावायची सवय लावा. सर्वांत लांब धाव सोळा-अठरा किलोमीटरची पुरे. शेवटचे दोन आठवडे सगळं निम्म्यावर आणा.

उकाडा आपल्याला सवयीचा आहे, हा तुमचा मोठा फायदा. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, सुकत नाही, आणि सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून ऑक्टोबरात तीन-चार रविवार मुद्दाम दहानंतर धावा. किती घाम जातो ते घरीच मोजता येतं. तासभर सरावाच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. जेवढं घटलं त्यात मधे प्यालेलं पाणी मिळवा, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. तहानेपेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसणं हाही धोका आहे, रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं जड होऊन माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागतं. शहाळं गुणाचं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी, त्यामुळे घामाचं मीठ त्याने भरून येत नाही. मी सुचवेन कोकमाचं आगळ. त्यात मीठ असतंच. अर्ध्या लिटरला चवीपुरतं आगळ, दोन-अडीच मोठे चमचे साखर म्हणजे साधारण तीस ग्रॅम, आणि लागलं तर चिमूटभर मीठ आणखी. सायकलवर तासाला एक बाटली, सोबत एक केळं किंवा चिक्की, म्हणजे तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. पाकिटातलं एनर्जी जेल घेणार असाल तर त्याची चव आणि पोटावरचा परिणाम घरी तपासून बघा, स्पर्धेच्या दिवशी नवीन काही नको. पहाटे उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, दोन-अडीच तास आधी. आदल्या रात्री तिखट कालवण नको, साधा भात आणि वरण. धावताना उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली किंवा शब्द अडखळायला लागले तर थांबायचं आणि मदत मागायची. तिथे वेळेचा विचार करायचा नाही.

आता घर. पहाटे चारला उठून कुणाला कळू न देता सगळं उरकणं आजपासून बंद. झोप हा सरावाचाच भाग आहे, सात तास झोप नसेल तर पायांत केलेली मेहनत मुरत नाही. नवऱ्याचं "कर की" चांगलं आहे, पण त्यात काम वाटून घेतलेलं नाही. त्यांना नेमकं सांगा: मार्च ते स्पर्धा, रविवारी अकरा वाजेपर्यंत स्वयंपाकघर त्यांचं. मासे आणणं, साफ करणं, कालवण, सगळं. पहिले दोन रविवार मीठ कमी-जास्त होईल, खाऊन घ्या आणि बोलू नका. सासूबाईंना समजावत बसण्यापेक्षा एका अष्टमीला सकाळी चिवल्याला घेऊन जा. किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणारं माणूस तुम्हाला हवंच आहे. त्यांच्या हातात घड्याळ द्या आणि सांगा, "आई, चाळीस मिनिटांत मी बाहेर आले नाही तर होडीवाल्याला हाक मारा." त्या विचारतात त्यामागे काळजी किती आणि लोकलाज किती हे मला इथून सांगता येणार नाही, पण काळजी असेल तर तिला काम मिळेल. आणि ट्रायसूटवरून (या स्पर्धेत घालायच्या अंगाला घट्ट पोशाखावरून) बोलणी झालीच, तर वरून सैल टी-शर्ट घालून सायकल चालवायला काहीच अडत नाही, सरावात पोहायला पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो.

रेसिंग सायकल घेऊ नका. ताशी २२ साठी तुमची हायब्रिड पुरेशी आहे. तेच पैसे तीन ठिकाणी लावा. सीटची उंची आणि हँडलचं अंतर जाणकाराकडून मापून घ्या, कारण चार तास बसायचं आहे. थोडे अरुंद, गुळगुळीत टायर घाला. आणि बरं हेल्मेट घ्या, त्याच्याशिवाय सायकलला हातही लावू देत नाहीत. पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून जायलाही तिथे बंदी आहे, बारा मीटर अंतर ठेवायचं असतं, तेव्हा आचऱ्याच्या रस्त्यावर मैत्रिणीमागे लपून वारा चुकवायची सवय आत्तापासूनच सोडा. तपासण्यांचे अहवाल आले की कळवा, मग मार्चचं वेळापत्रक तिथीप्रमाणे मिळून लावू.